पंगतीचं शेवटचं चित्र

पाच वाजता सुरू व्हायची प्रार्थना सव्वापाच झाले तरी सुरू होईना, कारण सुशीलाबाई दाराबाहेर बसल्या होत्या.

त्यांना कुणी बसवलं नव्हतं. बुधवार पेठेतून रिक्षा करून त्या खराडीला आल्या, लिफ्टनं नवव्या मजल्यावर पोचल्या, लेकीच्या नव्या घराच्या चौकटीवरची झेंडूची माळ चष्मा वर-खाली करून बघितली आणि उंबऱ्याशी थांबल्या. जावई योगेश लगबगीनं पुढे झाला.

"या ना आई, आत या. तुमचीच वाट बघत होतो."

"नको. माझी जागा बाहेर आहे असं कळलंय. उगाच तुमचं चित्र बिघडायला नको."

असं म्हणून चपलांच्या कपाटाशेजारी, बूट घालायला ठेवलेल्या स्टुलावर त्या बसल्या. कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि लिफ्टच्या दाराकडे बघत राहिल्या. दवाखान्यात नंबर लावून बसावं तशा.

आत सतरंज्यांवर चर्चच्या मंडळीतली पंधरा-सोळा माणसं गीतांची पुस्तकं उघडून बसली होती. योगेश आणि नीरजाच्या नव्या घराच्या समर्पणाची प्रार्थना होती. पाळकसाहेबांना एका लग्नाला जावं लागलं, म्हणून योगेशचे काका श्यामसुंदर प्रार्थना चालवणार होते. चर्चमध्ये चाळीस वर्षं पुढच्या बाकावर बसलेला माणूस. काहीतरी अडलंय हे त्यांनी ओळखलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"अजून एक गीत घेऊ या," ते म्हणाले. पेटीवाल्यानं भाता ओढला. हे तिसरं गीत होतं.

योगेशची आई मुक्तामाई उठली. गुडघ्यांवर हात देऊन, भिंतीचा आधार घेत ती दारापर्यंत गेली. विहिणीच्या 'चित्र' या शब्दाशी ती अडली होती, पण अजून नीटसं उमगत नव्हतं.

"विहीणबाई, काय झालं? आमच्याकडून काही चुकलं का?"

"छे. तुमच्याकडून कसं चुकेल? तुम्ही शिकवणाऱ्या." सुशीलाबाईंनी मान वळवली नाही. "माझ्या नातीनं मला काल सगळं समजावून सांगितलं. छान शिकवलंय. शब्द न् शब्द पाठ आहे पोरीला."

माईनं मागे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात नीरजा उभी होती, हाताची घडी घालून. सून सकाळपासून गप्प होती. माईला वाटलं होतं, सामान लावून लावून दमली असेल.

"माई, जरा आत येता?" नीरजा म्हणाली.

*

मुक्तामाई एक्केचाळीस वर्षं शब्बाथशाळा घेत होती. दर रविवारी सकाळी उपासनेच्या आधी, चर्चच्या मागच्या खोलीत. मुलं बदलली, मुलांची मुलं आली. पुस्तक मात्र तेच राहिलं. तिचे यजमान रंगनाथ चित्रकलेचे शिक्षक. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी तिच्यासाठी जाड ड्रॉइंग पेपरवर सोळा चित्रं रंगवली आणि कापडी बांधणी करून 'राजाची पंगत' असं नाव वर घातलं. रंगनाथ जाऊन सात वर्षं झाली होती. पुस्तकाचे कोपरे गोल झाले होते, पण रंग तसेच होते.

गोष्ट साधी. राजानं पंगत मांडली आणि सगळ्या गावाला बोलावलं. गाव अंधारात, वाट कुणालाच ठाऊक नाही. मग राजाचा मुलगा हातात दिवा घेऊन स्वतःच निघाला. काट्यांनी पाय रक्ताळले. गावकऱ्यांनी त्याला चोर समजून मारलं, दिवा विझवला. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तोच दार उघडून उभा, हातात तोच दिवा.

हा राजपुत्र कोण, ते माई कधीच सांगत नसे. ती नुसती पानं उलटायची आणि थांबायची. अकराव्या चित्राशी कुणीतरी एखादं लेकरू खालच्या आवाजात म्हणायचं, "माई, हा तर येशू आहे." त्या एका क्षणासाठी ती गुडघे दुखत असताना जिना चढून जात होती. सांगितलेलं मूल विसरतं, सापडलेलं विसरत नाही, हे तिचं सगळं अध्यापनशास्त्र.

शेवटच्या चित्रात उजेडानं भरलेलं दार होतं. आत पानं मांडलेली, काही जागा रिकाम्या. बाहेर काळोखं अंगण. हे चित्र रंगनाथांनी मोठं करून फ्लॅनेलच्या फळ्यावरही काढून दिलं होतं. वर्षातून एकदा मुलं आपापल्या घरची माणसं पुठ्ठ्यावर काढायची, कापायची, मागे पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवायची, म्हणजे ती फ्लॅनेलवर बसायची. मग माई विचारायची, "आत कोण कोण आलंय? आणि अजून बाहेर कोण राहिलंय?"

मुलं हसत-खिदळत दूधवाल्याला बाहेर ठेवायची, गणिताच्या सरांना ठेवायची. मग त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची. एक्केचाळीस वर्षं या प्रश्नानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान माईला तसं वाटत होतं.

मागच्या रविवारी योगेश-नीरजाच्या आठ वर्षांच्या स्पृहानं आपल्या आज्जीचं, सुशीलाबाईंचं, चित्र काढलं होतं. गोल चष्मा, कापडी पिशवी, अंबाड्यात फूल. पाहताक्षणी ओळखू यावं असं. आजोबांचा हात उतरला होता पोरीत. माईनं कौतुकानं तिची पाठ थोपटली होती. आणि ते चित्र कुठं लावलं गेलं, तिकडं तिचं लक्ष गेलं नव्हतं, कारण तेवढ्यात एका मुलानं डिंकाची बाटली सांडली होती.

*

"काल आईकडे गेली होती ती," नीरजा स्वयंपाकघरात म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागत होता. "चित्र घेऊन गेली. आजीला म्हणाली, मी तुला बाहेर ठेवलंय, पण तू रडू नकोस, मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. आईनं तिला लाडू दिला. आणि मग रात्रभर जागी राहिली असणार, कारण सकाळी मी स्पृहाला आणायला गेले तर देवघरासमोर बसून होती. मला एक शब्द बोलली नाही. गाडीत स्पृहानं सांगितलं."

योगेश दोघींच्या मधे उभा होता, फ्रिजला टेकून. खराडीतल्याच एका ऑफिसात तीस माणसं त्याच्या हाताखाली होती म्हणे. इथं त्याला हात कुठं ठेवावेत तेही कळत नव्हतं.

"अगं, लहान आहे ती. आपण आईंना समजावू. हा काही एवढा मोठा इश्यू नाहीये."

"तू बोलू नकोस, योगेश. लग्नात तू काय म्हणाला होतास? आपलं मूल गणपतीत आरतीलाही जाईल, रविवारी शब्बाथशाळेलाही जाईल. आमच्या अण्णांनी तेव्हा दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. मी सगळ्यांना सांगत राहिले, माझ्या सासूबाई तशा नाहीत. पोरीला काही वाईट शिकवणार नाहीत."

"वाईट काय शिकवलं?" माईची लेक नम्रता पेले भरता भरता वळली. ती शब्बाथशाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायची, आणि बाबांचं पुस्तक छापून सगळ्या मंडळ्यांना द्यायचं हा तिचा ध्यास होता. चर्चच्या समितीनं होकारही दिला होता. "वहिनी, राग मानू नकोस. पण दार आहे म्हटल्यावर आत आणि बाहेर असणारच. ते बाबांनी काढलंय, त्यांच्या मनाचं नाही काढलं. बायबलच्या वचनात आहे ते."

"वचनात माझ्या आईचा चष्मा आहे?"

नम्रतानं पुढचा पेला भरायला घेतला. बाहेरून चौथं गीत सुरू झाल्याचा आवाज आला.

"आणि मला कुठं ठेवलं तिनं, ते विचारलंत?" नीरजानं ओट्यावरच्या डब्याखालून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. पंजाबी ड्रेस, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, कुरळे केस. "धुवायला टाकताना फ्रॉकच्या खिशात सापडलं. तिनं हे लावलंच नाही, माई. आत लावायचं की बाहेर, ते तिला कळेना. आठवडाभर आई खिशात घेऊन फिरत होती पोर. आणि मी विचारतेय, जेवत का नाहीस, पोटात दुखतंय का."

माईनं तो तुकडा हातात घेतला. मागे पॉलिश पेपर नीट चौकोनी कापून चिकटवलेला होता, तिनं शिकवला तसा.

आणि तिला एकाएकी सलोनी आठवली. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. लाल रिबिनीची, गप्प मुलगी. त्या दिवशी सगळ्यांनी चित्रं लावली, सलोनीची मूठ मिटलेलीच होती. माईनं बोटं उघडायला लावली तेव्हा आत एका पुरुषाचं चित्र चुरगळलेलं होतं. "बाबा," एवढंच ती म्हणाली होती. पुढच्या रविवारी आली नाही. नंतर कधीच आली नाही. वडिलांची बदली झाली असेल, असं माईनं धरून चाललं होतं. कुणाला विचारलं मात्र नव्हतं.

"पुढच्या रविवारपासून स्पृहा येणार नाही," नीरजा म्हणाली. "मी भांडत नाहीये. सांगतेय. आणि आई आत येईपर्यंत या घरात प्रार्थना होणार नाही. हे माझंही घर आहे."

"ते तर आहेच," माई म्हणाली.

एकुलती एक नात. त्या पोरीला दुपट्यात असल्यापासून तिनं पुस्तकातली चित्रं दाखवली होती. 'मम्मी' म्हणायच्या आधी पोर दिव्याकडे बोट दाखवून 'दि' म्हणाली होती. दोन महिन्यांपूर्वी अकराव्या चित्राशी स्पृहानं माईचा हात घट्ट धरला होता आणि काहीच म्हटलं नव्हतं, नुसतं वर पाहिलं होतं. ते मूल आता वर्गातून जाणार, आणि जाताना एवढंच घेऊन जाणार, की देवाचं घर म्हणजे जिथं आज्जीला बाहेर बसवतात.

"माई, तू काही कबूल करू नकोस हं," नम्रता हळूच म्हणाली. "चित्र बदललं तर मग काय उरतं पुस्तकात?"

"अक्का, प्लीज," योगेश म्हणाला.

"तू तर बोलूच नकोस. उपासनेला महिन्यातून एकदा येतोस, तेही गाडी धुवायच्या वाटेवर."

तेवढ्यात श्यामसुंदर आत आले. पाणी प्यायचं निमित्त होतं. त्यांनी पेला घेतला, सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"पेटीवाला विचारतोय, नाताळची गीतंही घ्यायची का? बाकीची संपली."

कुणी हसलं नाही. नम्रतानं काकांना आपल्या बाजूला ओढायला पाहिलं. "काका, तुम्हीच सांगा. हे सत्य आहे की नाही? आपल्या पणजोबांनी, धोंडिबांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या आईनंही असाच हट्ट केला होता. म्हणून काय त्यांनी विश्वास सोडला?"

धोंडिबाच्या आईची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ होती. मुलगा ख्रिस्ती झाल्यावर म्हातारी त्याच्या घरात कधी शिरली नाही. रोज संध्याकाळी यायची, ओट्यावर बसायची, नातवंडांना बघायची, उठून जायची.

"नाही सोडला," श्यामसुंदर म्हणाले. "अठरा वर्षं म्हातारीला पाणी दारात नेऊन दिलं. तांब्या ठेवायचा आणि आत यायचं."

"ती स्वतःच येत नव्हती ना?"

"नव्हती येत. आणि या अठरा वर्षांत तिच्याजवळ ओट्यावर जाऊन बसलं कोण, ते मात्र कुणी सांगत नाही. मी विचारलंय. आमच्या वडिलांना ठाऊक नव्हतं." त्यांनी पेला ओट्यावर उपडा ठेवला आणि ते माईकडे वळले. "वहिनी, मी पाचवं गीत सांगतो. सहाव्याची सोय नाही माझ्याकडे."

*

माईनं बेडरूममधून पुस्तक घेतलं. पलंगावर स्पृहा उशी पोटाशी धरून बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. माई काही न बोलता तिच्या केसांवरून हात फिरवून बाहेर पडली. दिवाणखान्यातल्या सगळ्यांच्या नजरा चुकवत तिनं एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढत ओढत दाराबाहेर नेली आणि सुशीलाबाईंच्या शेजारी मांडली.

लिफ्ट उघडली. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा भाजीची पिशवी घेऊन आला, दोघींकडे बघून थबकला.

"आंटी, चावी हरवली का?"

"चावी आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "परवानगी नाही."

मुलगा घाईघाईनं आपल्या दारात शिरला.

"तुम्ही कशाला आलात बाहेर?" थोड्या वेळानं सुशीलाबाईंनी विचारलं. "तुमची आत जागा आहे ना राखीव."

"पुस्तक दाखवायला आले. तुम्ही पुस्तक न बघता रागावलात."

"आणा इकडे."

सुशीलाबाईंचं सगळं आयुष्य नवऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानात, गल्ल्यामागे गेलं होतं. त्यांनी आधी पुस्तक उलटं करून शिवण पाहिली. मग कागद बोटांत चाचपला. मग एकेक चित्र, घाई न करता. काट्यांच्या चित्राशी थांबल्या. पहाटेच्या चित्राशी त्याहून जास्त थांबल्या.

"व्याह्यांचा हात चांगला होता. हा मुलगा... याचे डोळे चांगले काढलेत. मार खाऊनही रागावलेला नाही." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "छापणार आहात म्हणे. कागद याहून जाड घ्या. मुलं कोपरे चावतात. पस्तीस वर्षं परत आलेली पुस्तकं बघितलीत मी."

मग शेवटचं पान आलं. उजेडाचं दार, काळोखं अंगण. त्यांनी पुस्तक मिटलं नाही.

"नातीचं जाऊ द्या. मला एक सांगा, आणि गोड गोड सांगू नका, मला मधुमेह आहे. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? मी या पंगतीला असेन की नाही?"

मुलानं अवघड प्रश्न विचारला की माई मनात पाच आकडे मोजत असे. कुत्रा स्वर्गात जातो का, देव झोपतो का, वारलेली ताई आपल्याला बघते का. पाच मोजले की खोटं उत्तर मागे राहतं, असा तिचा अनुभव. तिनं पाच मोजले. पुरले नाहीत. दहा मोजले.

"मला येशूशिवाय दुसरं दार ठाऊक नाही," ती म्हणाली. "ते तुमच्यासाठी मऊ करून सांगितलं, तर तुम्हालाच आवडायचं नाही."

"नाही आवडणार."

"पण आत बोलवायचं कुणाला, ते ठरवणारा तो आहे. यादी माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. मी लेकरांच्या हातात यादी दिली, तिथं चुकले. गोष्ट सांगायची सोडून मी त्यांना दारवान केलं."

सुशीलाबाईंनी पुस्तकाचा गोल झालेला कोपरा बोटानं सरळ केला. आतून पाचवं गीत ऐकू येत होतं, आता बरंच दमलेलं.

"तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता?"

"रोज."

"मला विचारलं होतं?"

"नाही."

"मीही नाही विचारलं. गेल्या वर्षी तुमच्या गुडघ्यांसाठी दगडूशेठला नारळ ठेवला होता." त्यांनी माईच्या पायांकडे पाहिलं. "काही फरक पडलेला दिसत नाही."

माईला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत.

"हे जे मला सांगितलंत, ते तिलाही सांगा," सुशीलाबाई म्हणाल्या. "माझी समजूत घालून काय उपयोग? मी सत्तरीची. रागावेन आणि विसरेन. ती तुमच्याकडून शिकलीय, तर पुसलंही तुम्हीच पाहिजे."

"तेच करायला उठणार होते. उठता येईना."

पण स्पृहा आधीच दारात येऊन उभी होती. तिच्यामागे नीरजा, नीरजामागे योगेश, आणि भिंतीला टेकून, ओठ मिटलेली नम्रता. आत गाणारे एकेक करून थांबले.

"माईआजी, आज्जी माझ्यामुळे रागावली?"

"नाही गं. माझ्यामुळे. इकडे ये." माईनं तिला दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभं केलं. "मी तुम्हाला रविवारी विचारलं, आत कोण, बाहेर कोण. आठवतं?"

"हो."

"तो प्रश्न चुकीचा होता. बाईंचा चुकला. तुझं उत्तर नाही चुकलं."

स्पृहानं हे नीट तपासून पाहिलं. तिच्या ओळखीच्या कुठल्याच बाईंचा प्रश्न आजवर चुकला नव्हता.

"मग मम्मीला कुठं लावायचं?"

"कुठंच लावायचं नाही. कुणालाच लावायचं नाही. माणसं लावणं हे आपलं काम नाही, बाळ. आपलं काम, गोष्टीतला दिवा कुणाच्या हातात आहे ते बघायचं, आणि तो चालतो तिकडं त्याच्यामागे चालायचं. माणसं तो बघेल. त्याला दिसतं. मला दिसत नाही."

"तुला चष्मा आहे तरी?"

"तरी."

"माई, असं मुलांना सांगितलंस तर उद्या वर्गात काय सांगायचं आम्ही?" नम्रताचा आवाज कापरा झाला होता. "आणि छापायला हे पान द्यायचं की नाही?"

"ठाऊक नाही, नमू. मला खरंच ठाऊक नाही."

आपल्या आईच्या तोंडून हे वाक्य नम्रतानं कधी ऐकलं नव्हतं. ती वळून आत गेली. ती रुसली, की आणखी काही झालं, ते माईला कळलं नाही. एवढंच कळलं, की लेकीबरोबरची बोलाचाली अजून व्हायचीय आणि ती आजच्याइतकी सोपी जाणार नाही.

सुशीलाबाईंनी पुस्तक मिटून माईच्या मांडीवर ठेवलं.

"वर्ग किती वाजता असतो?"

"साडेआठला."

"सकाळी? रविवारी?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "बरं. मी येईन. मागे बसेन. काय शिकवता ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचंय. तुमचा देव मागून ऐकलेलं चालवून घेत असेल तर."

"आई, अगं..." नीरजा म्हणाली.

"तू थांब. तुझी मुलगी येईल त्या वर्गाला, मी येईन तोवर. नाही पटलं तर दोघी उठून येऊ."

नीरजानं सासूकडे पाहिलं. माईनं होकाराची मान हलवली. नीरजानं स्पृहाचा फ्रॉक मागून सारखा केला आणि हात तिच्या खांद्यावर तसाच ठेवला. एक्केचाळीस वर्षांत माईनं वर्गाची तयारी करताना कधी घाबरून पाटी-पेन्सिल घेतली नव्हती. आता रविवारपर्यंत थोडेच दिवस होते, आणि मागच्या बाकावर ही बाई असणार होती.

श्यामसुंदर दाराशी आले. "वहिनी, घड्याळ सहा वाजवतंय. प्रार्थना तुम्हीच करा. इथूनच करा, आवाज येतो आत."

माणसांनी सतरंजीवर बसल्या बसल्या तोंडं दाराकडे केली. डोळे मिटले. माईनं नव्या घरासाठी देवाचे उपकार मानले. भिंतींसाठी, पाण्यासाठी, ओट्यावर शिजणाऱ्या अन्नासाठी. योगेशसाठी, नीरजासाठी, स्पृहासाठी. मग सवयीनं जिभेवर ते वाक्य आलं, जे तिच्या प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी असायचं: आणि प्रभू, जे अजून बाहेर आहेत त्यांना...

ती थांबली.

लिफ्टचा पंखा घुमत होता. आत कुणीतरी खाकरलं. मिटल्या डोळ्यांनी सगळे वाट बघत होते. माईला पुढचा शब्द सापडेना. शेजारून सुशीलाबाईंचा श्वास ऐकू येत होता, बांगडीचा किणकिणाट, आणि स्पृहाची चुळबुळ.

"आणि प्रभू," माई अखेर म्हणाली, "आम्ही दाराशी आलो आहोत. आम्हाला आत घे."

"आमेन," आतून आवाज आला. सुशीलाबाई आमेन म्हणाल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून लाडवांचा डबा काढून स्पृहाच्या हातात दिला, उठल्या, पदर सावरला आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. नीरजा, योगेश, लेकरू, सगळे त्यांच्यामागे गेले. आत पेल्यांचा आणि बशांचा आवाज सुरू झाला.

माई अजून खुर्चीतच होती. गुडघे धरले होते.

सुशीलाबाई दारात परत आल्या, चष्म्यावरून पाहत, एक हात पुढे करून.

"चला विहीणबाई. का तुम्हाला निराळं आमंत्रण लागतं?"